एकशे त्रेचाळिसावी खूण

एलिसेओ माचोआने आयुष्यात दोनच गोष्टींवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता : आंबातोच्या तांत्रिक विद्यालयात शिकलेल्या मोजणीच्या नियमांवर आणि थोरली बहीण अतानासिया हिच्या शब्दावर. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी या दोहोंत वितुष्ट येईल, असे त्याला कधी वाटले नव्हते.

बोबोनासा नदीकाठच्या सिसायाकू गावाच्या जंगलाचा नकाशा त्याने तीन वर्षे खपून तयार केला होता. तेल कंपनीच्या कागदांत या जंगलाची नोंद ‘वापरात नसलेली जमीन’ अशी होती. गावाने न्यायालयात उत्तर दिले ते या नकाशाने. कसाव्याच्या कंदांची शेते, मासेमारीचे डोह, रानडुकरे चाटायला येतात ती खारी जमीन, पूर्वजांची थडगी, अशा एकशे त्रेचाळीस खुणा त्यात होत्या. प्रत्येक जागी एलिसेओ स्वतः चालत गेला होता आणि जागा टिपणाऱ्या उपकरणावर तीनतीनदा नोंद घेतली होती. अपवाद एकच. बायका भांड्यांसाठी चिकणमाती जिथून आणतात, तिथे पुरुषाने पाऊल टाकायचे नसते. म्हणून उपकरण घेऊन अतानासिया एकटीच गेली, बटण दाबून आली, आणि तो आकडा त्याने पडताळणीवाचून नकाशावर चढवला.

आता न्यायालयाचे पत्र आले होते. कंपनीच्या इंजिनिअरने त्या जागी जाऊन पाहिले होते. तिथे नुसती वाळू आणि गोटे. एक खूण खोटी, तर उरलेल्या कशावरून खऱ्या? न्यायाधीशबाई गुरुवारी पाहणीला येणार होत्या.

पत्र घेऊन तो बहिणीकडे गेला. ती अंगणात बसून स्वतःच्या केसांच्या कुंचल्याने वाडग्यावर रेघा ओढत होती.

“या, इंजिनिअरसाहेब! आधी चिचा प्या. कोरड्या घशानं वाईट बातमी सांगू नये.”

आंबवलेल्या कसाव्याच्या पेयाचा तो वाडगा रिकामा केल्याशिवाय या घरात कामाचे बोलणे होत नसे. एलिसेओने तो संपवला आणि विचारले, “अक्का, तू बटण कुठं दाबलंस?”

“वाळूच्या ओढ्याशी. पाय दुखत होते.”

“तुझे पाय? परवा कसाव्याची पाटी पाठीवर घेऊन दोन टेकड्या उतरली ती कोण होती?”

अतानासिया हसली. “बरं बाबा, मुद्दाम दाबलं. मातीची मालकीण, मातीआजी, लाजरी आहे. आईनं मला दाखवली, मी सुनेला. तुझ्या कागदावर ठिपका पडला की ती कुठं बसते ते पार राजधानीत, क्विटोपर्यंत कळणार. मग ती उठून जाईल.”

“मग मला सांगायचंस. मी खूणच टाकली नसती.”

“तू? अरे, माझ्या डोक्यातली ऊसुद्धा नकाशावर टाकशील तू!”

रागावायला आलेल्या एलिसेओला हसू आवरेना. इतक्यात चुलीपाशी तडकलेले तीन वाडगे त्याला दिसले. अक्काचे भांडे भाजताना तडकल्याचे त्याने कधी पाहिले नव्हते.

“हे काय झालं?”

“लाकूड ओलं होतं. गप पी.”

त्याचा नकाशा तिने कधीच पाहिला नव्हता. जमीन वरून फक्त गिधाडे पाहतात, असे तिचे म्हणणे. म्हणून त्याने कागद बाजूला ठेवला आणि जमिनीवरच मांडणी केली. वेलीचा तुकडा म्हणजे नदी, उपडा वाडगा म्हणजे पोपटांची टेकडी, दोन बिया म्हणजे दोन ओढे. मग तिची चुंबळ उचलून त्याने टेकडीच्या पायथ्याशी ठेवली.

“तेलाची विहीर खणायला एवढं जंगल तोडणार आहेत.”

अतानासियाने कुंचला खाली ठेवला. मग, बोट न रोखता, ओठ पुढे काढून तिने चुंबळीच्या मध्याकडे खूण केली.

“आजी तिथंच बसते.”

तडकलेल्या वाडग्यांकडे पाहत ती म्हणाली, “कंजूष बाईला आजी चांगली माती देत नाही, तिची भांडी तडकतात, असं आई सांगायची. आणि मी आजीलाच लपवून बसले. लाकूड कोरडंच होतं रे.”

गुरुवारी होडीतून न्यायाधीशबाई उतरल्या. त्यांनी पुढे आलेला वाडगा निमूटपणे रिकामा केला. सोबत आलेल्या कंपनीच्या इंजिनिअरने पोट बिघडल्याचे सांगितले.

“खोटं मी बोलले,” अतानासिया म्हणाली. “माझ्या भावाला बोल लावू नका. तो मोजल्याशिवाय नखसुद्धा कापत नाही. खरी जागा दाखवते, पण पुरुष इथंच थांबतील.”

“पाहणीला दोन्ही पक्ष हजर लागतात,” इंजिनिअर म्हणाला.

न्यायाधीशबाईंनी कंपनीच्या तरुण वकीलबाईकडे पाहिले. “या आहेत की!”

वकीलबाईने आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिले.

“चल पोरी,” अतानासिया म्हणाली, “बूट धुता येतात.”

एलिसेओने उपकरण त्या वकीलबाईच्याच हाती दिले. विरुद्ध पक्षाने घेतलेल्या नोंदीवर कोणी शंका घेत नाही, हा नियम त्याला आंबातोत कोणी शिकवला नव्हता. तो त्याचा त्यालाच सुचला.

पुरुष झाडाखाली थांबले. “तुमच्या बहीणबाई पुन्हा भलतीकडे नेणार नाहीत ना?” इंजिनिअरने विचारले.

“नेतील,” एलिसेओ म्हणाला, “पण तुम्हाला.”

दुपार कलल्यावर त्या परतल्या. न्यायाधीशबाईंचे हात कोपरापर्यंत मातीने माखले होते. वकीलबाई अनवाणी होती आणि केळीच्या पानात गुंडाळलेला मातीचा गोळा तिने पोटाशी धरला होता. बाजूला बसून कंपनीचा नकाशा तिनेच उघडला, आकडा तिनेच लावून पाहिला.

“तोडीच्या वर्तुळाच्या आत आहे,” ती हळूच म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी लिहून घ्यायला सांगितले : जुनी खूण चुकीची, चूक साक्षीदाराने स्वतः कबूल केली. मातीची जागा प्रत्यक्ष पाहिली, माती हाताने काढली. उरलेल्या एकशे बेचाळीस खुणा ग्राह्य धराव्यात. निकालापर्यंत वर्तुळातले एकही झाड तोडू नये. जागेचा आकडा मोहोरबंद राहील.

दुसऱ्या दिवशी एलिसेओ बहिणीच्या अंगणात नकाशा दुरुस्त करायला बसला. केसाहून जाड रेघ त्याने कधी ओढली नव्हती. आज त्याने अंगठा चिकणमातीत बुडवला आणि कागदावर असा दाबला, की पोपटांची टेकडी, दोन्ही ओढे आणि मधले सारे रान त्या एका ठशाखाली झाकून गेले.

अतानासिया पहिल्यांदाच नकाशावर वाकली. “एवढा मोठा डाग? हात थरथरतो का रे आता?”

“थरथरतो, अक्का. वय झालं.”

“खोटारडा,” ती म्हणाली आणि त्या दिवशी रेघा ओढलेला, आता भाजलेला, कुठेही न तडकलेला वाडगा तिने काठोकाठ भरून त्याच्यापुढे ठेवला.