चूलबंद आवतण

कोकिळेचं लग्न ठरलं आणि यशोदाबाईंच्या घरात रोज एकाच गोष्टीवरून कुरकुर सुरू झाली. मुलीला आंदण काय द्यायचं? सोयरे केळझरचे, साधी माणसं, तोंड उघडून मागणारी नव्हेत. पण यशोदाबाईंच्या मनात शिलाई मशीन भरलं होतं. कोकिळा झबली, पोलकी हातानं अशी शिवायची की बाया उलटीसुलटी करून बघत राहायच्या. मशीन असलं तर पोरीला सासरी चार आण्यांसाठी कोणाचं तोंड बघावं लागणार नाही, असं आईला वाटे. बंडूजी, म्हणजे कोकिळेचे वडील, जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, बोद म्हणजे मोठाली पोती उचलायला जायचे. ते म्हणायचे, "मशीन घेवाले आपन का गावचे पाटील हाओ?" आणि विडी पेटवून ओट्यावर जाऊन बसायचे. वाचकहो, असलं बोलणं आपल्यापैकी कोणाच्या घरात झालेलं नाही?

जामच्या चौरस्त्यापासून दोन कोस आत असलेल्या त्या गावात यशोदाबाईंकडं पैसा नव्हता, पण दुसऱ्या कोणाकडं नव्हती अशी एक गोष्ट होती. गावात लग्न असो की बारसं, आवतण द्यायला यशोदाबाईच जायच्या. हातात कुंकवाचा करंडा आणि हळदीच्या अक्षतांची वाटी. घरच्या बाईच्या हातावर चार दाणे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चूलबंद आवतन हाय, माय. चूल पेटवू नोका." म्हणजे त्या दिवशी थोरापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी मांडवात जेवायचं, घरची चूल थंड. हातावर अक्षता पडल्या की नाही म्हणायचं नसतं, ही गावाची रीत. बांधावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले भाऊसुद्धा यशोदाबाईंच्या आवतणाला एका पंगतीत येऊन बसत, मग भलेही एकमेकांकडं न बघता जेवून उठत.

सत्त्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर ओमप्रकाश नावाचा माणूस गावात आला. इस्त्रीची पँट, बगलेत चामड्याची बॅग आणि जिभेवर साखर. त्यानं चावडीपुढं एक योजना समजावून सांगितली. पंचवीस रुपयांचं कूपन घ्यायचं, चार जणांना घ्यायला लावायचं, त्या चौघांनी आणखी चार-चार जण जोडायचे, की पहिल्याच्या घरी शिलाई मशीन येणार. पुढं त्या चौघांच्या घरी, मग सोळांच्या. पंचवीस रुपये म्हणजे तेव्हा बाईमाणसाची आठ-दहा दिवसांची निंदणाची मजुरी. लोक ऐकून उठून गेले. यशोदाबाई तेवढ्या बसून राहिल्या.

"ताई, तुम्हाला तर काहीच मुश्किल नाही," ओमप्रकाश म्हणाला. "सारा गाव सांगून राह्यला, तुमचं आवतन कोणी मोडत नाही. जसं लग्नाचं सांगता ना, बस, तसंच हे सांगा."

माणसानं जागा बरोबर हेरली होती.

यशोदाबाई पहिल्यांदा गेल्या त्या शेजारच्या शकुबाईच्या दारी. शकुबाई रोज निंदणाला जाणारी, नवरा दम्यानं खाटेवर. विकायचं कसं ते यशोदाबाईंना ठाऊक नव्हतं. दारात उभ्या राहिल्या तेव्हा नेहमीची अक्षतांची वाटी हातात होतीच. मग सवयीनं हात वाटीत गेला. त्यांनी शकुबाईच्या हातावर चार अक्षता ठेवल्या आणि त्यावर कूपन ठेवलं. शकुबाई क्षणभर कागदाकडं बघत राहिली, मग आत जाऊन डब्यातले पैसे घेऊन आली.

इथंच चूक झाली, आणि ती इतकी साधी होती की करणारीला कळलीही नाही. उलट यशोदाबाईंना हायसं वाटलं. पुढच्या तीन घरीही त्यांनी तसंच केलं.

त्या चौघींना आपले चार-चार काही जोडता येईनात. त्या यशोदाबाईंकडं आल्या. "तुमचं कोनी मोडत नाई, तुमीच चाला संग." यशोदाबाई निघाल्या, वाटी घेऊन. तीन आठवड्यांत सोळा घरं झाली आणि खरोखरच जामहून बैलबंडीत मशीन आलं. वर झेंडूचा हार घातलेलं, काळं, चकचकीत. ओमप्रकाशनं ते मुद्दाम साऱ्या गावातून मिरवत आणलं. बंडूजी विडी हातात धरून नुसते बघत राहिले. कोकिळेनं मशीनचा पायटा पायानं हलवून पाहिला आणि हसू दाबायला तोंडाला पदर लावला. खोटं कशाला बोलायचं, त्या घरात इतका आनंद पूर्वी कधी आला नव्हता.

मग काय विचारता, गावाला मशीनचं वेडच लागलं. महिन्याभरात आणखी साठ-पासष्ट घरांत कूपनं गेली, आणि बहुतेक दारांशी यशोदाबाईच वाटी घेऊन उभ्या होत्या.

रूपराव आचारी एवढाच काय तो माणूस होता ज्यानं यशोदाबाईंना तोंडावर नाही म्हटलं. सात गावांच्या पंगती आपल्या हातानं रांधलेला, पोट सुटलेला, तोंडाचा फटकळ. यशोदाबाई त्याच्याकडं कोकिळेच्या लग्नाचं जेवण ठरवायला गेल्या तेव्हा त्यांनी जाता जाता कूपनाचंही काढलं.

"वाटी खाली ठेवा, वयनी. पह्यले बसा," रूपराव म्हणाला. "मशीन खोटी नाई, मी मानतो. तुमाले भेटली. चारचौघात बोलाले बी शिकल्या तुमी, हे बी चांगलं झालं. माहं म्हननं येवढंच, हे पंगतीवानी पहा. पह्यल्या पंगतीले तुमी एकल्या. दुसरीले चार. तिसरीले सोळा. चौथीले चौसष्ट. पाचवीले किती लागन?"

"मले का मालूम. तुमीच सांगा."

"अडीचशाच्या वर. अन् गावात चुली किती? दोनशे दहा. वरचे माणूस कुठून आनता? दरेक पंगत मागच्याच्या ताटातलं जेवून राह्यली, वयनी. सगळ्यात मांगची पंगत सगळ्यात मोठी, अन् तेच उपाशी उठन. मी आचारी हाओ. उपाशी उठलेल्या पंगतीचं तोंड मी पाह्यलं हाय."

"तुमाले पंगतीबिगर दुसरं दिसते काय, भाऊजी?" यशोदाबाई हसल्या. "बाजूच्या गावातले जोडतीन लोक."

"बाजूच्या गावात बी तोच ओमप्रकाश बसला असन. अन् एक इचारू? हे कूपन लोक घेऊन राह्यले का तुमच्या अक्षता?"

यशोदाबाईंना राग आला. आपल्या पोरीच्या मशीनवर याचा डोळा आहे असं त्यांना वाटलं. जेवणाचं ठरवून त्या तडक घरी आल्या. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

माघ लागला तसा ओमप्रकाश यायचा बंद झाला. त्यानं दिलेल्या पत्त्यावर कोणी वर्ध्याला जाऊन आलं, तिथं सायकलचं दुकान निघालं. गावात दुसरं मशीन आलंच नाही. कोणी यशोदाबाईंच्या दारात येऊन भांडलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त कोकिळा मशीनवर बसली आणि खडखड सुरू झाली की शकुबाई आपलं दार लोटून घ्यायची. काही दिवसांनी कोकिळेनं मशीनवर चादर टाकली आणि पुन्हा हातानं शिवायला लागली.

"काऊन वं?" आईनं विचारलं.

"आवाज जाते, माय," ती म्हणाली.

फाल्गुनात लग्न. यशोदाबाई आपल्याच लेकीचं आवतण द्यायला निघाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची कार्यं सांगितलेली बाई, आज स्वतःचं सांगणार म्हणून पाय जमिनीवर ठरत नव्हते. पण दारोदार एक विचित्र गोष्ट घडू लागली. बाया दारात यायच्या, गोडही बोलायच्या, पण हात पुढं करीत नव्हत्या. कोणाचे हात पिठाचे, कोणाच्या कडेवर पोर. "ठेवा तिथं उंबऱ्यावर, घेतो मंग." एका सुनेनं तर वाटी दिसताच हात पाठीमागं नेले. यशोदाबाई उंबऱ्यांवर अक्षता ठेवत सारा गाव फिरल्या. घरोघरी म्हणाल्या, "चूलबंद आवतन हाय, माय."

लग्नाच्या दिवशी रूपरावानं पहाटेच भट्ट्या पेटवल्या होत्या. वांग्याची भाजी, वरण, भात, बुंदी. अंगणात मांडव. ऊन चढलं, वऱ्हाड आलं, अक्षता पडल्या. गावातले मोजके पंधरा-वीस लोक तेवढे दिसत होते. यशोदाबाई लोक कुठं राहिले म्हणून बघायला मांडवाबाहेर आल्या आणि थबकल्या.

गावाच्या छपरांच्या कवेलूंतून धूर निघत होता! एका घरातून नव्हे. शकुबाईच्या, पलीकडच्या, वरच्या आळीतल्या, थेट मारुतीच्या देवळामागच्या घरांतून. चूलबंद आवतण असताना गावानं आपापल्या चुली पेटवल्या होत्या.

पातेल्यावर झाकण टाकून रूपराव शेजारी येऊन उभा राहिला. यशोदाबाईंना भडभडून आलं.

"भाऊजी, माह्या पोरीनं काय केलं जी या लोकायचं?"

"पोरीनं काई नाई केलं," तो हळूच म्हणाला. "अन्न झाकून ठेवतो मी. तुमी जाऊन या. पन वाटी नेऊ नोका."

यशोदाबाई रिकाम्या हातांनी गेल्या. शकुबाई चुलीपुढं भाकर थापत होती. उठली नाही, पण जा असंही म्हणाली नाही.

"शकू, चुकली वं मी."

"पैशाचं जाऊ द्या, बाई," शकुबाई भाकरीकडं बघत म्हणाली. "ते घरधन्याच्या दवाईचे होते, पन मी केली तजवीज. कूपन दुसऱ्या कोनी आनलं असतं तं मी नाई म्हनलं असतं. तुमी हातावर अक्षता ठेवल्या. अक्षतेले नाई कसं म्हनाचं? आता तुमची वाटी दिसली का जीव भेते माहा."

यशोदाबाईंना रूपरावाचा प्रश्न आठवला. त्या तिथंच मातीत बसल्या आणि ढसाढसा रडल्या. मग उठून दुसऱ्या दारी गेल्या, तिसऱ्या दारी गेल्या. प्रत्येक ठिकाणी तेच म्हणाल्या, चुकली म्हणून. कोणी ऐकून घेतलं, कोणी आतूनच "बरं बरं" म्हटलं. उन्हं कलताना चाळीसेक माणसं मांडवात आली. त्यांत शकुबाई होती. ती चार घास जेवली आणि नवऱ्यासाठी भात घेऊन गेली. बाकीचं अन्न रूपरावानं आणि बंडूजींनी बंडीत घालून शेजारच्या गावी नेलं.

पाठवणीच्या वेळी बंडूजी मशीन उचलून बंडीत ठेवायला गेले. कोकिळेनं त्यांचा हात धरला.

"राहू द्या, बाबा. इथं समाजमंदिरात ठेवा. ज्याले शिवाचं त्यानं शिवाव."

"तुले वं?"

"मले सुई हाय."

पोर एक ट्रंक घेऊन सासरी गेली. आईनं ज्यासाठी एवढं केलं, ते मागंच राहिलं.

त्याच वर्षाअखेर, अठ्ठ्याहत्तर साली, सरकारनं असल्या साखळ्यांवर बंदीचा कायदा केला. पण गेलेला शब्द परत आणणारा कायदा कुठल्या सरकारकडं असतो? यशोदाबाईंना दोन वर्षं कोणी आवतणाला बोलावलं नाही. तिसऱ्या वर्षी शकुबाईच्या भाचीचं बारसं निघालं आणि शकुबाईनंच येऊन विचारलं. यशोदाबाई गेल्या, पण तेव्हापासून त्यांची रीत बदलली. वाटी पदराखाली झाकलेली. दाराबाहेर उभं राहून त्या आधी विचारत, "येनं जमन का, माय? नाई जमत तं नाई म्हना, मले राग नाई." समोरचा हात आपण होऊन पुढं आला, तरच त्या अक्षता काढत. काही दारांतून तो हात शेवटपर्यंत पुढं आला नाही.

वाचकहो, आजही आपल्या दाराशी कोणी ओमप्रकाश येईल आणि म्हणेल, तुमची एवढी माणसं, तुम्हाला काय अवघड! त्याचं बोलणं खोटं नसेल. एखाद्याला मशीन मिळेलही, चार लोकांत वावरायचं धाडसही येईल. पण पाय उचलण्याआधी एक विचार करा. आपण ज्या दाराशी चाललो आहोत, तिथल्या माणसाला आपल्याला नाही म्हणता येईल का? जिथं प्रेमापोटी, भिडेपोटी नाही म्हणता येत नाही, तिथं काहीही विकायला जाऊ नका. तिथं आपण वस्तू विकत नसतो, आपलं आवतण विकत असतो. आणि ज्या दिवशी आपल्या घरी कार्य निघतं, त्या दिवशी गावाच्या कवेलूंतून धूर निघतो.