पहिला घास

तुळसाबाईनं नवऱ्याचा डबा आणला की साधना सिस्टर त्यातला पहिला घास तिलाच खायला लावायची, तोही साऱ्या वॉर्डादेखत. मऊ भातावर वरण कालवायची आणि चमचा तिच्यासमोर धरायची. "आधी तुम्ही खा." तुळसाबाई खायची. नवरा खाटेवर पडलेल्या बाईच्या घशाखाली तो घास कसा उतरत असेल, याचा विचार करायला साधनाला सवड नव्हती. ही बाई घास गिळते की चुकवते, एवढंच तिला पाहायचं होतं.

त्या वर्षी राळेगावकडची कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडअळी काही केल्या हटत नव्हती. पीक वर, फवारणारा खाली. औषध बोंडावर पडायच्या आधी माणसाच्या तोंडावर पडायचं. ग्रामीण रुग्णालयात रोज कोणी ना कोणी यायचा. तोंडाला फेस, अंग घामानं निथळतंय, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. साधना नुकतीच नागपूरहून अतिदक्षता परिचर्येचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करून आली होती. पंचक्रोशीत एवढं शिकलेली नर्स ती एकटीच, आणि हे ती कोणाला विसरूही द्यायची नाही.

तिकडच्या मॅडम शिकवताना बजावायच्या, "पेशंट सुधारता सुधारता बिघडला, तर संशय घ्या. मशीनवर घ्या, नळीवर घ्या, औषधावर घ्या, नातेवाइकांवर घ्या, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःवर घ्या." साधनानं सारं घोकून ठेवलं होतं. शेवटचं तेवढं परतीच्या एसटीत कुठंतरी सांडलं असावं.

उकंडा, म्हणजे तुळसाबाईचा नवरा, फवारणीचा मजूर. त्याला आणलं तेव्हा साधनानंच त्याचे कपडे उतरवले, साबणानं अंग धुतलं, सुई दिली. कपड्यांचं गाठोडं बायकोच्या हाती देत म्हणाली, "हे बाहेर न्या," आणि पुढच्या पेशंटकडं धावली. सकाळी उकंडाला हुशारी आली. त्यानं पाणी मागितलं. दुपारी बायको त्याच्याजवळ बसून गेली आणि संध्याकाळी पुन्हा घाम, पुन्हा छातीत घरघर. दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी बरा, बायको येऊन गेली की वाईट. साधनाच्या मनात पाल चुकचुकली.

संशयाच्या आगीत तेल ओतायला सदाशिवराव आले. उकंडा फवारत होता ते वावर यांचंच. केळ्यांची फणी टेबलावर ठेवून त्यांनी आवाज खाली घेतला.

"सिस्टर, माह्या वावरात इतके जन फवारून राह्यले. बाकीच्यायले काहून काई झालं नाई? नवरा-बायकोचं बिल्कुल पटत नव्हतं. मी काई म्हनत नाई, तुमी तं शिकलेल्या."

काही म्हणत नाही म्हणता म्हणता गडी सगळं म्हणून गेला. फवारणीनं बाधा झाली असं ठरलं, तर आधी मालकाच्याच दारात लोक येतील, ही साधी गोष्ट साधनाच्या ध्यानात यायला हवी होती. पण कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं.

त्या दिवसापासून तिनं घास खायला लावायचं सुरू केलं. तुळसाबाईला काही होईना, तर साधनाला वाटलं, बाई भलतीच पक्की आहे. नवऱ्याच्या उशाशी बसून ती एका दुपट्ट्यानं त्याचं तोंड, मान, छाती पुसत राहायची. साधनानं रुग्णालयाचा टॉवेल दिला, तो तिनं घडी करून बाजूला ठेवला. 'काय पण नाटक,' साधना मनात म्हणाली. वॉर्डात फवारणीच्या औषधाचा उग्र वास होता, पण त्या मोसमात तो साऱ्या तालुक्यालाच होता. नाकं मरून गेली होती.

शेवटी तिनं तुळसाबाईला वॉर्डाबाहेर काढलं.

"मी काय केलं वं ताई? मी कायले देऊ त्यायले काई? माह्यं कुंकू हाये ते!"

"ते आता पोलीस जमादारालाच सांगा."

तुळसाबाई दुपट्टा छातीशी धरून निघून गेली. त्या संध्याकाळी उकंडाला घाम आला नाही. सकाळी तर तो उठून बसला. आता आणखी कसला पुरावा पाहिजे? साधनानं डॉक्टरांना सांगितलं आणि डॉक्टरांनी ठाण्यात फोन लावला. खरं सांगायचं तर साधनाला आनंद झाला होता. आपलं शिक्षण कामी आलं असं तिला वाटलं. तो आनंद पाहून कोणालाही तिचा राग आला असता.

दुपारी जमादाराची वाट बघत ती बाहेर आली, तर लिंबाखाली तुळसाबाई आडवी पडलेली. पोलिसांच्या भीतीनं सोंग घेतलं, हा साधनाचा पहिला विचार. पाप पचलं नाही म्हणून हिनंही तेच विष घेतलं, हा दुसरा. मग ती वाकली. तोंडातून लाळ गळत होती, बाहुल्या मोहरीएवढ्या. उन्हाचा ताव चुकवायला तुळसाबाईनं डोक्याला आणि तोंडाला तोच दुपट्टा गच्च गुंडाळला होता. साधनानं तो घाईनं सोडवला, आणि इतक्या जवळून आलेला वास मेलेल्या नाकालाही कळला. उकंडा फवारताना तोंडाला बांधायचा, तो हाच.

तो ज्या गाठोड्यात होता, ते तिनंच दिलं होतं. बाहेर न्या एवढंच म्हणाली होती. जाळा, फेका, पुन्हा अंगाला लावू नका, हे सांगायचं राहून गेलं होतं.

तिनं तुळसाबाईला आत नेलं, स्वतः साबणानं धुतलं, सुई दिली. दुपट्टा पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं. तेवढ्यात जमादार आला. मागोमाग सदाशिवराव होतेच.

"बाईचा जबाब घ्यायचा ना?" जमादारानं विचारलं.

"माझा घ्या," साधना म्हणाली. "विष वावरातलंच आहे. दुपट्ट्यातून दोघांच्या अंगात गेलं. आणि दुपट्टा मी दिला."

सदाशिवरावांना एकाएकी कापूस संकलन केंद्रावरचं काम आठवलं. ते निघून गेले.

सकाळी तुळसाबाई शुद्धीवर आली. साधनानं विचारलं, "मी टॉवेल दिला होता, तो का नाही वापरला?"

"कोनाकोनाचा घाम पुसलेला तो," तुळसाबाई हळूच म्हणाली. "आजारी मानसाचा घाम त्याच्याच कपड्यानं पुसाव, असं माही माय सांगे. दुसऱ्याचा लावला तं त्याचं दुखनं याले लागते. अन् मी तो पान्यातून काढलता, ताई. तसाच नाई लावला."

सुईतल्या औषधानं तुळसाबाईच्या तोंडाला कोरड पडली होती, ओठ चिकटत होते. साधनानं पेला भरून आणला आणि तिच्यापुढं धरला.

तुळसाबाईनं पेल्याकडं पाहिलं. शेजारच्या खाटेवर बसलेल्या उकंडाकडं पाहिलं. मग पेला मागं सारला.

"आधी तुमी प्या."

सारा वॉर्ड बघत होता. साधनाला लाज वाटली, इतकी लाज तिला जन्मात कधी वाटली नव्हती. तिनं पेला तोंडाला लावून एक घोट घेतला. तुळसाबाई तिच्या गळ्याकडं टक लावून बघत होती. घोट उतरलेला दिसला, तेव्हा तिनं पेल्यासाठी हात पुढं केला.