काळूची खडस आणि डोंबिवलीची विहीर

मित्रांनो, मी एक जुनी खडस आहे, आणि आज माझं पोट भरलेलं आहे म्हणून बोलायला बसले आहे. खडस म्हणजे मासळी, पण कुठलीही ऐरीगैरी मासळी नव्हे. अंगावर रुपयाएवढे सोनेरी खवले, जाड ओठ आणि तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. मासळीला मिशा कशा, म्हणून हसू नका. नदीच्या तळाशी, दगडाखाली काय दडलं आहे ते मला या मिशांनीच कळतं. हसायचंच असेल तर माझ्या खादाडपणाला हसा. तो मी कधी लपवला नाही. खाण्यावरूनच माझे हाल झाले आणि खाण्यावरूनच मी वाचले.

माझा जन्म टिटवाळ्याच्या वरच्या अंगाला, काळू नदीत झाला. तिथे नदी खडकांतून उड्या मारत येते. भर पावसाळ्यात आमच्या आया पुराच्या पाण्यात उलट्या दिशेने वर चढतात आणि गोट्यावाळूच्या उथळ जागी अंडी घालतात. पाणी स्वच्छ आणि वाहतं हवं. साचलेलं पाणी आमच्या अंड्यांना मानवत नाही. पूर ओसरला की आम्ही खालच्या डोहात उतरतो. आमचा डोह चांगला दोन पुरुष खोल होता. वरच्या तोंडातून पाणी धो धो आत यायचं, तळाशी मोठमोठे धोंडे होते, आणि काठावरचा उंबर अर्धा पाण्यावर वाकलेला होता.

आणि काय सांगू, खायला काय नव्हतं तिथे! दगडांवरचं कोवळं शेवाळ होतं. चतुराच्या अळ्या होत्या, बारके खेकडे होते, खडकाला चिकटलेल्या गोगलगायी होत्या. आमचे दात तोंडात नसतात, घशात असतात. त्यामुळे गोगलगाय अख्खी आत ओढायची आणि घशात कडकन फोडायची. मोठ्या खडशी तर लहान मासेही गिळत. उन्हाळ्यात पिकलेली उंबरं पाण्यात पडायची, आणि एकेका उंबरासाठी आमची झोंबाझोंबी व्हायची. त्या वेळी मी बोटाएवढी होते. मला उंबराचा चोथाच मिळायचा, पण तोही गोड लागायचा.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सुमती नदीवर आली. टिटवाळ्याच्या मास्तरांची ही मुलगी नुकतीच लग्न होऊन डोंबिवलीला गेली होती आणि पहिल्या माहेरपणाला आली होती. सासरच्या विहिरीत वळवळणाऱ्या अळ्या होतात, म्हणून तिच्या सासूबाई कुरकुरत असत. विहिरीत मासळी सोडली की पाणी चांगलं राहतं, ही आपल्याकडची जुनी रीत. सुमतीला वाटलं, मासळी न्यायचीच तर माहेरच्या नदीचीच नेऊ. तिने डोहाच्या काठाशी कळशी बुडवली आणि त्यात मी सापडले. मी पुढे हातभर वाढणारी जात आहे हे तिच्या गावीही नव्हतं. मासळी ती मासळी, असं तिला वाटलं. चूक झाली ती अशी, निव्वळ मायेपोटी.

डोंबिवली तेव्हा लहान होती. घरासमोर अंगण, अंगणात तुळस आणि मागे विहीर. सुमतीचे यजमान त्र्यंबकराव मुंबईला कचेरीत जात. मी विहिरीत पडले आणि आठ दिवसांत डासांच्या अळ्यांचा फडशा पाडला. मग माझं कौतुक काय विचारता! शेजारपाजारच्या बायका वाकून वाकून बघायच्या. त्र्यंबकराव पाहुण्यांना चहा देण्याआधी विहिरीवर आणायचे. सासूबाईही म्हणायच्या की सूनबाईने हुंड्यापेक्षा ही बरी आणली. विहिरीत बसलं की काठावरचं सगळं ऐकू येतं, म्हणून मला घरातली प्रत्येक गोष्ट ठाऊक असे.

सुमती सकाळी रहाटावर पोहरा सोडताना माझ्याशी बोलायची. सासरी नवी होती, मनातलं बोलणार कोणाशी? टिटवाळ्याचा विषय निघाला की तिचा आवाज बदलायचा. बोलून झालं की ती मूठभर भात टाकायची आणि रोज तेच विचारायची, "जेवलीस का गं पोटभर?"

पोटभर कुठलं! मित्रांनो, मी वाढत होते आणि विहीर होती तेवढीच होती. चारी बाजूंनी गुळगुळीत गिलावा. त्यावर धड शेवाळही धरत नव्हतं. उलटायला दगड नाही, फोडायला गोगलगाय नाही, अंगावर घ्यायला पाण्याची धार नाही. मी आपली गोल गोल फिरायचे, घाण्याला जुंपल्यासारखी. पावसाळा आला की अंगात काहीतरी उसळायचं, वर चढावंसं वाटायचं. पण वर म्हणजे कुठे? वर रहाट होता. नदीत माझ्या वयाच्या खडशी अंडी घालून खालीही उतरल्या असतील, आणि मी इथे भाताची शितं मोजत बसले होते. मला राग यायचा. सुमतीचासुद्धा यायचा, खोटं कशाला बोलू?

एकदा ती माहेरून परतली आणि तिने पदरातून काही उंबरं पाण्यात टाकली. पहिलं उंबर तोंडात घेतलं आणि मी हललेच नाही. सगळा डोह आठवला. मग मात्र अशी उसळले की काठावर पाणी उडालं आणि सुमती चिंब झाली. ती हसली नाही. कितीतरी वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. त्या दिवसानंतर तिने पोटभर जेवलीस का, असं विचारणं सोडून दिलं.

आठ-नऊ वर्षं अशी गेली. मी हातभर लांब झाले. आता डासांच्या अळ्या माझ्या खिजगणतीतही नव्हत्या. एवढ्याशा वळवळ्या पकडायला मी काय बोटाएवढी राहिले होते? त्यामुळे विहिरीत डास पुन्हा माजले आणि सासूबाई हिवतापाने अंथरुणाला खिळल्या. एक दिवसाआड त्यांना थंडी वाजून यायची, आणि त्यांचं कण्हणं मला विहिरीत ऐकू यायचं. हिवतापवाले आले, विहीर बघितली आणि डब्यातून आणलेले इवलेसे गप्पी मासे पाण्यात सोडून गेले. हे मासे अळ्या खातील, काळजी नको, असं त्यांनी सांगितलं.

ते मासे मी दोन दिवसांत संपवले. कितीतरी वर्षांनी काहीतरी जिवंत, चविष्ट समोर आलं होतं. खडशीसमोर लहान मासे सोडायचे आणि तिने उपास धरावा, ही कसली अपेक्षा? हिवतापवाल्यांनी पुन्हा मासे आणले, मी पुन्हा ताव मारला. मग त्यांनी त्र्यंबकरावांना स्पष्ट सांगितलं की या विहिरीत एकतर ही राहील, नाहीतर गप्पी मासे. दोन्ही नाही.

घरात सासूबाई तापाने फणफणलेल्या. त्र्यंबकराव तरी काय करणार? शेजारच्या कलावतीबाईंनी काठावरून मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुमाला नको आसंल त मना द्या. झकास कालवन व्हईल." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, मासळी बघून तोंडाला पाणी सुटणारच. त्र्यंबकरावांनी मान डोलावली. उद्या सकाळी या, म्हणाले. उद्या सकाळी मी कालवणात.

सुमती तिथेच धुणं धूत होती. तिने हातातलं पातळ पिळून बाजूला ठेवलं आणि काठाशी आली.

"मी आणली होती, मीच पोचवीन," ती म्हणाली.

त्र्यंबकरावांनी समजूत घातली. एवढीच दया येत असेल तर कोपरला खाडी जवळ आहे, तिथे सोडून देऊ. सुमती म्हणाली की खाडीला भरतीचं खारं पाणी येतं, ही गोड्या पाण्याची आहे, तिथे तडफडून मरेल. त्यापेक्षा कालवण बरं. हिला टिटवाळ्यालाच न्यायची. नवऱ्यासमोर इतकं ठासून बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. आतून सासूबाईंचा क्षीण आवाज आला. न्हाणीतलं मोठं घंगाळ घेऊन जा, आणि वर माझं जुनं लुगडं ओलं करून घाल, असं त्या सांगत होत्या.

टिटवाळ्याकडून दगडू नावाचा गाडीवान दर आठवड्याला बैलगाडीतून गवत घेऊन डोंबिवलीला यायचा. परत जाताना त्याची गाडी रिकामीच असे. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गाडी दारात उभी राहिली. विहिरीत भाताची टोपली सोडली. हा सापळा आहे हे मला कळत होतं, पण भात बघून राहवलं नाही. टोपलीसकट मला वर ओढलं आणि घंगाळात घातलं. कलावतीबाई आल्याच होत्या. रिकामी टोपली बघून त्या हिरमुसल्या, पण वाटेत पाणी ओतायला त्यांनीच आपली घागर गाडीत ठेवली.

ती वाट मी जन्मात विसरणार नाही. घंगाळात मी धड वळूही शकत नव्हते. कल्याण यायच्या आधीच पाणी कोमट झालं आणि माझे कल्ले भात्यासारखे धपापू लागले. मी एका अंगावर कलले. दगडूने मागे वळून बघितलं आणि बैलांना हाकललं. सुमतीने तांब्या घेतला. घंगाळातलं पाणी तांब्यात घ्यायचं आणि उंचावरून पुन्हा आत ओतायचं, असं ती करत राहिली. पाण्याची धार माझ्या तोंडाशी पडायची आणि थोडा जीव यायचा. कल्याणला एका विहिरीवर ताजं पाणी भरलं. पुन्हा तांब्या सुरू झाला. तिचा हात भरून आला तर ती दुसऱ्या हातात तांब्या घ्यायची, पण थांबली नाही.

दुपार कलली तेव्हा गाडी काळूच्या काठावर पोचली. सुमती नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात उतरली आणि मला दोन्ही हातांवर धरलं. मला पोहता येईना. मी उताणी होत होते. तिने माझं तोंड धारेकडे केलं आणि तशीच कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. धार तोंडात शिरली, कल्ल्यांतून बाहेर पडली. थंड, वाहतं, दगडांच्या वासाचं पाणी! हळूहळू मी सरळ झाले. शेपटी हलली. तरी मी तिच्या हातांवरच होते. इतक्या वर्षांची सवय, सुटायचं कसं?

तिने हात खाली घेतले.

"जा गं," ती म्हणाली. "मला परत जायचं आहे. तुला नाही."

मी गेले. मागे वळून बघितलं नाही. आम्ही मासे वळून बघत नाही. पण कितीतरी वेळ मला ती पाण्यात उभी असलेली जाणवत होती.

सुरुवातीला मला दगड उलटता येईना. ओठ मऊ पडले होते. पहिली गोगलगाय फोडताना घसा दुखला. पण भूक सगळं शिकवते. आषाढात पूर आला, तेव्हा मी इतर खडशींबरोबर वर चढले आणि गोट्यावाळूत अंडी घातली. एकदम नाही, थोडी थोडी, आमच्या रीतीप्रमाणे.

दगडू अजून नदीवर बैल धुवायला येतो. परवा तो त्याच्या बायकोला, सखुबाईला, सांगत होता. डोंबिवलीच्या विहिरीत आता गप्पी मासे सुखाने नांदतायत, सासूबाई हिंडूफिरू लागल्या आहेत. आणि सुमतीवैनी दर आठवड्याला गाडी थांबवून एकच गोष्ट विचारतात, खाते ना ती पोटभर? या खेपेला दगडूने त्यांना सांगितलं, की उथळ पाण्यात बोटाबोटाएवढी मिशीवाली पिल्लं दिसली, वैनी, थव्याने. सुमतीवैनी रहाटाला धरून रडल्या, आणि मग धावत घरात गेल्या सासूबाईंना सांगायला.

मित्रांनो, आता मी म्हातारी होईन ती इथेच. तुम्ही कधी नदीवर आलात, तर आम्हाला सुमतीसारखाच जीव लावा. पण आम्हाला उचलून नेऊ नका. तळाचे धोंडे गाडी भरून काढू नका, काठचा उंबर तोडू नका, आणि पुरात वर चढायची आमची वाट अडवू नका. एवढं केलंत की आम्ही पोटभर जेवू. आमचं दुसरं काही मागणं नाही.