नर्मदाबाईंचं रक्त

प्रज्ञा धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात संशोधनाच्या कामाला लागली, तेव्हा तिच्या आईला काही केल्या ते काम कळेना. घाबरण्यावर कसलं आलंय संशोधन, असं ती म्हणायची. प्रज्ञाही समजावून थकली होती. काही माणसांना कारण नसताना अचानक छातीत धडधड होते, श्वास अडकतो, आता आपण मरणार असं वाटतं आणि थोड्या वेळाने सगळं ओसरतं. पण पुन्हा कधी येईल या धास्तीने ती माणसं घराबाहेर पडेनाशी होतात. डॉक्टर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. एकेका घरात तो दोघातिघांना का होतो, रक्तातून काय उतरतं, हे शोधायचं काम होतं. त्यासाठी प्रज्ञाला नुसते रुग्ण पुरत नसत, त्यांची सख्खी भावंडंही लागत, आजारी असोत की धडधाकट.

देवचंदभाऊ तिला तिथल्याच ओपीडीत भेटले. एरंडोलजवळच्या खेड्यातले, एसटीचे जुने ड्रायव्हर. नोकरीत असताना एकदा लळिंगच्या घाटात भरली गाडी चालवताना त्यांना पहिला झटका आला होता. हातापायांना मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी. तशाही स्थितीत त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मगच खाली उतरून रस्त्यावर आडवे झाले. एकाही प्रवाशाला खरचटलं नाही. कंडक्टर मोतीलालने त्यांना दवाखान्यात नेलं, पण ईसीजीचा कागद साफ निघाला. हृदयाला काही नाही, मग ड्रायव्हर प्यायलाच असणार, असं गावात झालं. देवचंदभाऊंनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्यांनी स्वतःच अर्ज देऊन डेपोत हलकं काम मागून घेतलं आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. मात्र त्यानंतर ते प्रवासी म्हणूनसुद्धा एसटीत बसले नाहीत. धुळ्याला यायचं तर पुतण्याच्या मोटारसायकलवर, तेही थांबत थांबत.

त्यांनी रक्त दिलं. मग बहिणीचा विषय निघाला. धाकटी बहीण नर्मदाबाई जळगावात पिंप्राळ्याकडे राहते, म्हणाले, तिला असलं काही नाही, ती दगडासारखी घट्ट आहे. पण शहरात गेली आणि माहेर विसरली. गेल्या कित्येक वर्षांत तिने गावात पाऊल टाकलेलं नाही.

“तिचं रक्त घ्या,” ते म्हणाले, “पण मला हे आहे, हे तिला कळू देऊ नका. गाडी सोडल्याचंही मी तिला सांगितलेलं नाही. माझी माय याच्यातच गेली. लोक तिला याडी म्हणायचे.”

प्रज्ञाने सांगितलं की ती खोटं बोलणार नाही, पण त्यांच्याबद्दल एक शब्दही काढणार नाही. मग त्यांनीच बहिणीला फोन केला. कॉलेजातून एक मॅडम येतील, माणसं का घाबरतात ते बघतायत, धडधाकट माणसांचंही रक्त लागतं, मीही दिलंय, एवढंच सांगितलं.

नर्मदाबाईंनी प्रज्ञाला चहा दिला, चिवडा दिला, आणि रक्त द्यायला साफ नकार दिला. थोरली मुलगी कोकिळा, तिचं भुसावळच्या मुलाशी जमत आलं होतं. ‘घराण्यात आहे’ असा एक शब्द बाहेर गेला तर झालं. कोकिळा कॉलेजला निघून गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि हळू आवाजात खरी गोष्ट सांगितली. त्यांना स्वतःलाच हे होत होतं, पहिल्या बाळंतपणापासून. बाजारात होतं, विहारात कार्यक्रमाला गर्दी झाली की होतं, आणि एसटीची तर पायरीसुद्धा चढवत नाही. म्हणून माहेर सुटलं. नवऱ्याला गुडघ्याचं निमित्त सांगत आल्या.

“माय स्वयंपाक करता करता छाती धरून बाहेर पळायची,” त्या म्हणाल्या. “वडिलांनी तिला मामाकडे नेऊन टाकलं. मी पण त्याच वाटेला लागलेय. पण भाऊला सांगू नका. तो धडधाकट आहे, सगळं आयुष्य गाडी चालवली त्यानं. तोही आता येत नाही माझ्याकडे. मोठा माणूस झाला.”

परतीच्या प्रवासात प्रज्ञाला स्वस्थ बसवेना. एक भाऊ, एक बहीण, मध्ये तासाभराची वाट, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याने आपल्याला टाकलं. तिने एक वाक्य बोलायचा अवकाश होता. दोघांचं मन मोकळं झालं असतं, शिवाय तिला हवं असलेलं अख्खं घर अभ्यासात आलं असतं. हे दुसरं कारण मनात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. तिच्या वरिष्ठ डॉक्टर संघमित्रा यांना तिने नावं न घेता पेच सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ज्याची गोष्ट त्यानेच सांगायची असते. नमुना गेला तर गेला.

तेव्हा प्रज्ञाने नर्मदाबाईंना जळगावातल्याच एका मानसोपचार डॉक्टरांचं नाव दिलं आणि त्यांचं रक्त मागायचा नाद सोडला.

देवचंदभाऊंचे उपचार धुळ्यात सुरू झाले. गोळी होती आणि सोबत सराव होता. प्रज्ञा त्यांना समजावत असे, की मेंदूत धोक्याची एक घंटा असते, ती सगळ्यांनाच असते. तुमची जरा हलकी बसवलेली आहे, खऱ्या वाघाला वाजायची ती मांजरालाही वाजते. श्वास थोडा कोंडला, की शरीराला वाटतं हवाच संपली. यात वेड नाही आणि भित्रेपणाही नाही. भाऊंना हे यंत्राच्या भाषेत पटलं. ते डेपोत उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत बसू लागले. मग एका थांब्यापर्यंत गेले. धडधड झाली तरी उतरायचं नाही, ती आपोआप ओसरते हे बघायचं, असं ठरलं होतं. त्यानंतर प्रज्ञाने विचारलं, आता लांबचा प्रवास करायचा तर कुठे जाल? ती जे नाव टाळत होती तेच त्यांनी घेतलं, जळगाव.

ज्या दिवशी ते निघाले, त्या दिवशी प्रज्ञा दुसऱ्या एका कुटुंबाकडे जळगावातच होती. दुपारी भाऊंचा फोन आला. ते स्टँडवर पोहोचले होते, पण गाडीतून उतरल्यावर झटका आला होता आणि पुढे पाऊल उचलत नव्हतं. ती गेली तेव्हा ते उसाच्या रसाच्या गाड्याजवळ बसले होते, सदरा घामाने भिजलेला. परत जायचं का, असं तिने विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. दोघं रिक्षाने पिंप्राळ्याला गेले.

दारात पोहोचता पोहोचता भाऊंना पुन्हा धाप लागली आणि ते उंबऱ्यावरच टेकले. कोकिळा पाणी आणायला धावली. नर्मदाबाईंनी तिला हातानेच थांबवलं. त्यांनी दोन्ही दारं सताड उघडली, भावाशेजारी जमिनीवर बसल्या, त्याचा तळवा थंड फरशीवर दाबून धरला आणि त्याच्या कानाशी सावकाश श्वास सोडू लागल्या, जणू त्याला वाट दाखवत होत्या. त्यांनी एक प्रश्नही विचारला नाही. भाऊंचा श्वास हळूहळू त्यांच्या श्वासाला येऊन मिळाला.

बऱ्याच वेळाने भाऊंनी विचारलं, “तुले कसं माहीत?”

“माले बी तेच शे,” नर्मदाबाई म्हणाल्या.

प्रज्ञा बाजूला उभी होती. तिने अंगणाकडे तोंड फिरवलं.

मग संध्याकाळपर्यंत बोलणं चाललं. लळिंगचा घाट निघाला, बाळंतपण निघालं, न केलेल्या दिवाळ्या आणि न आलेल्या भाऊबिजा निघाल्या. आईचं निघालं तेव्हा दोघं रडले. आपली माय याडी नव्हती, हे म्हणायला दोघांनाही इतकी वर्षं लागली. कोकिळा सगळं ऐकत होती. तिने प्रज्ञाला सरळच विचारलं, “मलाही होईल का?”

“इतरांपेक्षा शक्यता थोडी जास्त आहे,” प्रज्ञा म्हणाली. “पण अशा घरांतल्या बहुतेक मुलांना होत नाही. हे एका जनुकाचं काम नाही, कितीतरी लहानलहान गोष्टी मिळून होतं. आणि झालंच, तर उपाय आहे. तुझ्या मामांना विचार.”

रक्तातून तुमचं भविष्य सांगता येणार नाही, निकाल तुमच्या हाती कधीच येणार नाही, आणि नळीवर नाव नसेल, नुसता आकडा असेल, हे तिने पुन्हा एकदा नर्मदाबाईंना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि बाही वर केली. जांभळ्या टोपणाची नळी भरेपर्यंत त्यांची नजर भावाकडेच होती.

भुसावळच्या मुलाला कोकिळाने स्वतःच सांगितलं. त्याच्या घरच्यांनी विचार करायला वेळ मागितला आणि पुढे त्यांच्याकडून काही कळलं नाही. नर्मदाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. कोकिळा मात्र म्हणाली, की लपवून सासरी गेले असते तर मीही तुझ्यासारखी गुडघ्याची कारणं देत बसले असते. वर्षभराने एरंडोलच्याच एका शिक्षकाशी तिचं जमलं. त्याला आधीच सगळं सांगितलं होतं.

नर्मदाबाईंचे उपचार जळगावात चालू आहेत. त्या अजून एकट्या एसटीत बसत नाहीत. पण भाऊ न्यायला आला तर बसतात, खिडकीजवळ, आणि माहेरी जातात. त्यांचं रक्त धुळ्यात शीतपेटीत इतर शेकडो नमुन्यांसोबत आहे. संशोधनाचा निष्कर्ष यायला अजून काही वर्षं लागतील आणि त्यातून काय निघेल, ते प्रज्ञालाही ठाऊक नाही.