अवजड वाहनांची खिडकी

लायसन्सच्या ऑफिसात अवजड वाहनांची खिडकी कुणालाच नको असायची. ट्रकवाले, टँकरवाले, बसवाले, सगळे झोप अर्धवट टाकून आलेले, अंगाला डिझेलचा वास, आणि शिवी घातल्याशिवाय वाक्य पुरं झाल्यासारखं न वाटणारे. बाईंनी ती खिडकी आपणहून मागून घेतली तेव्हा शेजारच्या फोटोवाल्याने कपाळाला हात लावला.

"बाई, सुखातला जीव दुःखात का घालताय? दुचाकीच्या खिडकीत नुसती कॉलेजची पोरं. हसतात, फोटो काढतात, जातात."

"मला पोरं नकोत," बाई म्हणाल्या. "मला ड्रायव्हर हवेत."

खरं म्हणजे त्यांना एकच ड्रायव्हर हवा होता. अवजड वाहनाचं लायसन्स जिथून काढलं तिथेच येऊन नवं करावं लागे. म्हणजे आज ना उद्या त्यांचा धाकटा दीर या काचेपुढे उभा राहणारच होता. बाईंनी डूख धरला होता, आणि डूख धरणाऱ्याला घाई नसते.

त्याचं असं झालं होतं. बाईंच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. धाकट्या भावाची किडनी जुळली. "दादासाठी जीव देईन, किडनी ती काय!" असं तो चारचौघांत छातीवर हात मारून म्हणाला. ऑपरेशनचा दिवस उजाडला, नवऱ्याला हिरवे कपडे चढवले, आणि धाकटा गायब. फोन बंद. त्याची बायको म्हणे, अंधारातच बाहेर पडले, कुठे ते मला ठाऊक नाही. डॉक्टरांनी वाट पाहिली आणि नवऱ्याला परत खाटेवर आणून सोडलं. मग तो यादीत पडून राहिला, कुणा परक्याच्या मरणाची वाट बघत. यादीतला नंबर यायच्या आधी मरणाच्या रांगेत त्याचाच नंबर लागला.

तेव्हापासून सासूबाई बाईंच्याच घरी होत्या. धाकटा लेक अधूनमधून येऊन दाराबाहेर उभा राही. त्या आतून कडी काढत नसत. "भ्यालं माझं पोर," एवढंच म्हणत आणि तोंड भिंतीकडे फिरवून निजत.

पुढे सरकारचा हुकूम आला. लायसन्स नवं करायला येणाऱ्या प्रत्येकाला खिडकीतूनच विचारायचं, मेल्यावर अवयव दान कराल का? हो म्हणाला तर लायसन्सवर छोटं हिरवं पान छापायचं. मोठ्या साहेबांनी त्यात आपली फोडणी घातली. हो म्हटल्याबरोबर घंटा वाजवायची आणि सगळ्या हॉलने टाळ्या पिटायच्या. भिडेखातर तरी माणसं हो म्हणतील, असा त्यांचा होरा.

सगळ्यात जास्त हिरवी पानं बाईंच्या खिडकीतून निघत. साहेबांना वाटे, बाई गोड बोलत असतील.

"कसलं गोड!" फोटोवाला म्हणे. "अशा बघतात, की माणसाला वाटतं मेल्यावर कशाला, किडनी आत्ताच काढून ठेवावी."

खोटं नव्हतं ते. नाही म्हणणाऱ्या प्रत्येकात बाईंना दीर दिसे. आणि तो खरा दीर येऊन नाही म्हणेल तेव्हा काय करायचं, हे त्यांनी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना कितीदा घोळवलं होतं. पुन्हा पुन्हा विचारायचं. दर वेळी आवाज चढवायचा. मग उभं राहून भरल्या हॉलला सांगायचं, बघून घ्या, हा माणूस जिवंतपणी भावाच्या कामी आला नाही आणि मेल्यावर परक्याच्याही कामी येणार नाही.

आणि एका मंगळवारी तो आला.

केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. काचेमागे कोण बसलंय ते बघून बिचकला नाही. म्हणजे माहीत करूनच आला होता.

"वहिनी."

"इथे वहिनी नाही. खिडकी आहे," बाई म्हणाल्या. "डोळे?"

"ठीक आहेत."

"ठीक म्हणून चालत नाही. त्या फळ्यावरची शेवटची ओळ वाचा."

त्याने वाचली. बाईंनी उलटी वाचायला लावली. तीही वाचली. मागचा टँकरवाला कुरकुरला, "बाई, लायसन्स देताय की मास्तरची नोकरी?"

"तुमचीही परीक्षा आहे, कळ काढा. कान? फिट येते का? साखर? चक्कर? हाताला कंप?"

तो एकेकाला नाही, नाही म्हणत गेला. बाई घोटभर पाणी प्याल्या आणि हॉलच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मेल्यावर अवयव दान कराल का?"

"हो," तो म्हणाला.

"काय?"

"हो म्हटलं, वहिनी. सगळे."

बाईंचा हात होता तिथेच राहिला. फोटोवाल्याला वाटलं बाई विसरल्या, म्हणून त्याने हात लांबवून घंटा ठणकावली. हॉल टाळ्यांनी दणाणला. टँकरवाल्याने तर दिराच्या पाठीवर थाप मारली. "वा रे वाघा!"

इतक्या दिवसांची धार लावलेली सुरी, आणि समोरच्याने आपणहून मान पुढे केली की चालवायची कशी? वर टाळ्या!

"नातेवाइकाची सही लागते," त्या म्हणाल्या. वेळ आली तर मी अडवणार नाही, असं जवळच्या एकाने लिहून द्यावं लागे, आणि ती सही कार्डावर हिरव्या पानाखाली छापली जाई. "बायकोला घेऊन या."

"ती करेल सही. पण मला तुमची हवी." त्याने काचेजवळ तोंड आणलं. "तुमची सही असलेलं ते हिरवं पान आईला दाखवेन. मग ती दार उघडेल. थकली आहे ती, वहिनी. मला बोलायचंय तिच्याशी."

म्हणजे हे होतं तर. मेल्यावरचा माल दाखवून जिवंतपणीचं दार उघडून घ्यायचं.

"सही करते," बाई म्हणाल्या. "आधी सांगा, त्या सकाळी होतात कुठे?"

"इथे? सगळ्यांसमोर?"

"टाळ्या सगळ्यांसमोरच घेतल्यात ना?"

टँकरवाल्याची कुरकुर थांबली. दिराने खालमानेने सांगायला सुरुवात केली.

"गाडीत होतो. वखारीमागे गाडी लावून केबिनमध्ये बसून होतो दिवसभर. सुरीला भ्यालो नाही मी. तुम्हाला सगळ्यांना तसं वाटतं, वाटू दिलं. आदल्या दिवशी अड्ड्यावर एक जण म्हणाला, एका किडनीवर अवजड गाडी चालवू देत नाहीत. लायसन्स काढून घेतात. मला दुसरं येतं काय? पोरं लहान. म्हटलं, दादा यादीत आहे, त्याला मिळेल कुणाची तरी. माझं लायसन्स गेलं तर ते कुठून मिळणार?"

बाईंनी समोरचे कागद बाजूला सारले. मग अगदी हळू आवाजात, जसं आजाऱ्याला विचारतात तसं विचारलं, "भावजी, मी तेव्हा नोकरीला कुठे होते?"

"इथेच."

"मग मला का नाही विचारलंत?"

"तुम्हाला कसं विचारणार? तुमचं कुंकू, आणि मी लायसन्सचं विचारू?"

"आत्ता मी तुम्हाला काय काय विचारलं, सांगा बघू."

"डोळे. कान. फिट. साखर..." तो आठवत गेला. "चक्कर. कंप."

"आणि किडनी?"

त्याने बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं.

"याआधी दर खेपेला हेच विचारलं. त्यात किडनी कधी होती?"

मागून टँकरवाला आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "माझा साडू एका किडनीवर कंटेनर चालवतो की." आणि मग त्यालाच वाटलं, बोलायला नको होतं.

दिराने काचेची कड धरली. "म्हणजे काहीच... काहीच नसतं झालं?"

"काहीच नसतं झालं. दादा असते, लायसन्सही असतं."

फोटोवाला कॅमेऱ्याच्या झाकणाशी उगाच चाळा करत बसला. बाईंनी पेन उघडलं आणि सही केली, ठसठशीत. मशीन घुर्रघुर्र करून कार्ड बाहेर टाकू लागलं.

"मी आईला सगळं सांगतो," दीर म्हणाला. डोळे पुसायचंही त्याला भान नव्हतं. "आजच जातो. पायावर डोकं ठेवून सांगतो. मग मारू दे, हाकलू दे."

"नाही सांगायचं."

"वहिनी, सांगितल्याशिवाय मला झोप नाही लागणार."

"म्हणूनच नाही सांगायचं." बाई पुढे झुकल्या. "आई समजतात, पोर भ्यालं. भित्रं पोर आईला पोटात घालता येतं. थोरल्याला गमावून त्या जगल्या, पण तो कशासाठी गमावला हे कळलं तर जगणार नाहीत. त्यांचं उरलंसुरलं मी तुम्हाला नासवू देणार नाही. पान दाखवा. त्या दार उघडतील. जवळ घेतील, तोंडावरून हात फिरवतील, माझं बाळ म्हणतील. घ्या फिरवून. रोज या. आणि दर वेळी तुम्हाला ठाऊक असेल, की त्या दुसऱ्याच कुणाला तरी माफ करतायत."

"असं नका करू."

"मी काय करतेय? तुम्ही मागितलं ते दिलं."

बाईंनी गरम कार्ड उचललं, हिरवं पान ठीक उमटलंय ना ते बघितलं आणि काचेखालून सरकवलं. त्याने हात लावेना. शेवटी टँकरवाल्यानेच ते उचलून त्याच्या खिशात घातलं आणि त्याला खांद्याला धरून बाजूला केलं, जसं रस्त्यात बंद पडलेली गाडी ढकलून कडेला घेतात. दीर दाराकडे गेला. दारातून एकदा वळला. बाईंनी मान हलवली, नाही.

फोटोवाला खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, जरा जास्तच झालं नाही?"

"झालं," बाई म्हणाल्या. त्यांच्या छातीवरचा दगड हलला होता, आणि त्याखालची जागा कित्येक वर्षांत पहिल्यांदा गार लागत होती. खोटं कशाला बोला! "पुढचे या. डोळे?"