लोकरीचा शब्द

त्रियाज हा शब्द लोकरीचा आहे, डॉक्टरांच्या बापाचा नाही. माझामेत गावच्या लोकरगिरणीत मी पोरवयापासून लोकर निवडत आले. लांब तंतूची एकीकडे, मध्यम दुसरीकडे, तुटकी-मळकी तिसऱ्या ढिगात. या निवडण्यालाच आम्ही त्रियाज म्हणतो. लढाई पेटली आणि डॉक्टरांनी आमचा शब्द उचलून माणसांना लावला. ऐकलं की माझं डोकं फिरतं.

व्हर्दंच्या आघाडीमागे, गोठ्यातल्या या दवाखान्यात मी आता नर्स आहे, आणि इथेही तीन ढीग. लवकर बरे होऊन पुन्हा बंदूक धरतील ते आधी टेबलावर. मग बाकीचे. ज्यांची आशा नाही ते मागच्या भिंतीशी, स्ट्रेचरसकट गवतावर. त्यांना मॉर्फिन टोचायचं आणि पुढे जायचं.

त्या दुपारी भिंतीशी फुलक्राँ दिसला. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. पोटाला गोळी लागलेली.

"ताई, इकडे कुणी फिरकतच नाही गं," तो म्हणाला.

मी तडक सर्जन लारोकसमोर उभी राहिले.

"गिरणीत तिसऱ्या ढिगावरून दुसऱ्या बाईचा हात फिरल्याशिवाय गासडी बांधत नाहीत. चांगली लोकर चुकून जातेच त्यात. इथे दुसरा हात कुणाचा?"

"नोएमीबाई, हात आणू कुठून?"

"मेंढीचे केस दोनदा बघायचे आणि माणूस एकदाच? जनाची नाही, मनाची तरी ठेवा!"

त्याच्या कानशिलापर्यंत राग चढला, पण आला. फुलक्राँचं पोट चाचपलं, कूस वळवून गोळी कुठून बाहेर पडली ते पाहिलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "आतडं शाबूत आहे. रक्त थांबवलं तर वाचेल. पण आत्ताच."

"मग उचला ना!"

"टेबल एकच आहे." त्याने दाराकडे बोट दाखवलं. तिथे स्ट्रेचरवर एक ब्रेतों, पश्चिम किनाऱ्याकडचा पोरगा होता, मांडी करकचून बांधलेला. "आता पाळी त्याची. त्याला मागे ठेवला तर तो जाईल. शब्द तुमचा ना, बाई? निवडा तुम्हीच."

मेल्या, हे मला विचारतोस? मी वाकून फुलक्राँच्या स्ट्रेचरचे दांडे धरले.

फुलक्राँला टेबलाकडे नेताना दाराशी तो पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, नंबर माझा होता ना?"

"गप्प पड!" मी त्याच्यावरच खेकसले.

तो बिचारा लगेच गप्प झाला.