सावलीतलं टेबल

"काका, दुसऱ्यांदा सांगतेय. तो पाइप ठेवा आणि इथे येऊन बसा."

"आलोच, सिस्टर. ही एवढी रांग उरकली की आलो."

विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर सभागृहाच्या पोर्चमध्ये सावलीला टेबल मांडून बसली होती. टेबलावर पट्ट्या, थर्मामीटर, मीठ-साखरेच्या पाण्याचा जार. हवामान बदलाबद्दल लोकांना समजावून सांगण्याचा दिवस होता. सकाळपासून बसगाड्या भरून माणसं येत होती आणि आतल्या गारव्यात भाषणं ऐकत होती. समोरच्या उघड्या फरशीवर दीडशे रोपं ओळीनं मांडलेली. चार वाजता पाहुणे एकेकाच्या हातात रोप देणार होते. तोवर एकाही रोपानं मान टाकता कामा नये, अशी माळीकाकांना ताकीद होती.

"सावलीत नेऊन ठेवू का?" सकाळी त्यांनी कार्यक्रमाच्या व्यवस्थापकांना विचारलं होतं.

"मग फोटोत काय, नुसती फरशी येणार?" व्यवस्थापक चालता चालताच म्हणाले होते.

काका दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. घरी बसून जीव रमेना म्हणून कंत्राटावर परत आले. रोज दहाला केंद्रात चहाला यायचे आणि आवारातल्या झाडांची तब्येत सांगायचे, जणू तीही सिस्टरचीच पेशंट. "तुमच्या खिडकीतलं झाड यंदा महिनाभर आधी फुललं. हे लक्षण काही बरं नाही, सिस्टर." तीही गमतीनं विचारायची, "मग गोळी देऊ का त्याला?" काका मात्र हसायचे नाहीत.

दुपारी वारा पडला. पोर्चवरची कबुतरं कधीच कुठेतरी निघून गेली होती. फरशीवरची हवा थरथरत होती, त्यातून काका पाण्याखाली दिसावेत तसे दिसत होते. सिस्टर उठणार, तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन धावत आली. मुलीच्या नाकातून रक्त वाहत होतं. मान पुढे, नाक दाबून धर, तोंडानं श्वास घे, असं करता करता पाव तास गेला.

आतलं भाषण बाहेरच्या कर्ण्यावरही ऐकू येत होतं. प्राध्यापक बाई शांतपणे, शब्दन् शब्द सुटा करून सांगत होत्या. "माणसाचं शरीर घामानं स्वतःला थंड ठेवतं. बाहेरची उष्णता फारच वाढली, की ही यंत्रणा कोलमडते. कधी कधी घाम येणंच थांबतं. माणूस असंबद्ध बोलू लागतो. तिथून पुढे हातात फार थोडा वेळ असतो."

सिस्टरनं मान वर केली. तीस वर्षं तिला हे पाठ होतं.

सकाळी काकांच्या पाठीला चिकटलेला सदरा आता कोरडा ठाक होता. ते रोपांना पाणी घालत होते. एका कुंडीवर थोडं थांबायचे, पुढच्या कुंडीवर जायचे. पाइपातून पाणी येतच नव्हतं.

ती धावली. "काका!"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण ओळख पटल्यासारखं दिसलं नाही. "आई, पोरांना आत घे," ते म्हणाले. "पाणी चढतंय बघ."

आणि गुडघ्यात मोडून ते तिच्याच अंगावर कोसळले. अंग तव्यासारखं तापलं होतं.

दोन स्वयंसेवकांनी त्यांना पोर्चमध्ये आणलं. पारा एकशे सहाच्या पुढे. "रुग्णवाहिका बोलवा! आणि बर्फ आणा, असेल तेवढा."

"सिस्टर, ती सरबतं पाहुण्यांची आहेत..." व्यवस्थापक सरबताच्या बाटल्या बर्फात ठेवलेल्या टबाच्या आड येत म्हणाले.

"बाजूला व्हा."

तिनं सदरा कात्रीनं कापला. टबातलं गार पाणी अंगावर ओतलं, काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावला, फायलीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत राहिली. व्यवस्थापकांनी आपला कोट काढून जमिनीवर टाकला आणि तेही वारा घालू लागले. "माझंच चुकलं," ते पुटपुटत होते. आपण दोनदा हाका मारल्या, दोन्ही वेळा बसल्या जागेवरून, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

रुग्णवाहिका फाटकापाशी अडली. पाहुण्यांच्या गाड्या आडव्या लागल्या होत्या. त्या काढायला वीस मिनिटं लागली. आत टाळ्या वाजल्या.

सरकारी इस्पितळात जागा नव्हती. उन्हानं पडलेली माणसं व्हरांड्यापर्यंत झोपवली होती. काकांना कोपऱ्यातल्या एका खाटेवर ठेवलं. डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केले. मग घड्याळात पाहिलं, सिस्टरकडे पाहून नुसती मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे वळले. तिथे चोवीस वर्षांचा एक गवंडी होता.

काकू आल्या तेव्हा सिस्टर व्हरांड्यात नाव-पत्ता लिहून देत होती. काकूंना कोणी गाठायच्या आतच त्या खाटेपाशी पोचल्या होत्या. सिस्टर धावत आत गेली. काकू पायथ्याशी बसल्या होत्या. चादरीतून बाहेर आलेली काकांची दोन्ही पावलं त्यांनी ओंजळीत धरली होती. टाचांच्या भेगांत माती होती.

"ताप उतरला हो, सिस्टर," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा सैल झाला होता. "पाय कसे गार लागतायत. झोपू द्या जरा."

माणूस गेल्याचं घरच्यांना सांगण्याची वेळ सिस्टरवर शेकडोदा आली होती. ठरलेली वाक्यं होती. ती काकूंच्या शेजारी जमिनीवर बसली. काकू अंगठ्यानं त्या भेगांतली माती हळूहळू काढत होत्या.